चेक इंजिनचा दिवा जातो, परत येतो आणि पिकअप चालता चालता बंद पडते: आमच्या गाडीत काय निघालं, कसं शोधलं

गाडी डिझेल पिकअप, बीएस-४, कॉमन रेल इंजिन, २०१८ ची, १,४२,००० किलोमीटर चाललेली. रोजचं काम म्हणजे पहाटे वाशीच्या एपीएमसीतल्या भाजीपाला मार्केटमधून माल भरून ठाण्यात जांभळी नाक्याला उतरवायचा, आणि दुपारी मिळालं तर तुर्भे नाहीतर महापे एमआयडीसीचं एखादं भाडं मारायचं. तक्रार अशी: चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि कधी त्याच क्षणी, कधी पाच-दहा मिनिटांनी इंजिन बंद पडतं. चावी बंद करून दहा सेकंद थांबलं की एका सेल्फमध्ये चालू. मग दोन तास काही नाही, कधी दोन दिवस काही नाही. जूनपासून ऑगस्टच्या अर्ध्यापर्यंत हे चाललं. चार वेळा गाडी गॅरेजला गेली, १५,४०० रुपये गेले, आणि शेवटी निघाली ती एक सोललेली वायर.

मार्केटमध्ये आमच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांपैकी तीन-चार जणांना अशीच तक्रार आहे आणि प्रत्येक जण एकामागून एक सेन्सर बदलतोय. म्हणून सगळं क्रमाने लिहितो, आमच्या चुकांसकट.

पण त्याआधी एक जिवाची गोष्ट. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग एकदम जड होतं आणि ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम मिळायचा थांबतो. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नेहमीसारखा लागतो, त्यानंतर पेडल कडक होतं. घाबरून पेडल वारंवार दाबलं तर तो साठा वाया जातो. एकदाच घट्ट दाबायचं आणि सोडायचं नाही, चारही इंडिकेटर लावायचे, गाडी डावीकडे घ्यायची. थांबेपर्यंत चावी काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. मी आमच्या ड्रायव्हरला हे उभ्या गाडीत करून दाखवलं: इंजिन बंद करून पेडल चार वेळा दाबायला लावलं. पाय कसा अडतो हे एकदा कळलं की माणूस ऐन वेळी गोंधळत नाही. आणि गाडी मध्येच बंद पडायला लागली असेल तर भरलेला माल घेऊन मुंब्रा बायपासला जाऊ नका. भाडं सोडा.

मार्चमधलं दुखणं आणि जूनमधलं दुखणं

मार्चमध्ये दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा गाडी बंद पडत नव्हती, फक्त ओढत नव्हती. स्कॅनर लावला, कोड आला पी०४०१, म्हणजे ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पुरेसा वायू जात नाही. ईजीआर खोलला तर आत काजळीचा थर. भाजीच्या गाड्यांचं असं होतंच, मार्केटमध्ये रांगेत तास-तासभर इंजिन नुसतं चालू ठेवायचं आणि मग सिग्नल ते सिग्नल. साफ करून बसवला, दिवा गेला, गाडी ओढू लागली. ते काम बरोबर होतं.

जूनच्या पहिल्या पावसानंतर दिवा परत लागला आणि या खेपेला गाडी बंद पडू लागली. दिवा तोच, म्हणून मी, ड्रायव्हर आणि गॅरेजवाले सगळ्यांनी धरून चाललो की दुखणंही तेच. आमचे अडीच महिने या एका समजुतीत गेले. चेक इंजिनचा दिवा एकच असतो, पण त्याच्या मागे कोड शेकड्यांनी असतात. मार्चमध्ये लागलेला दिवा आणि जूनमध्ये लागलेला दिवा यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. आमच्या गाडीत संबंध निघाला, पण आम्ही समजत होतो तो नव्हे. तो पुढे येईल.

पहिल्या खेपेला ईजीआर परत साफ केला आणि डिझेल फिल्टर बदलला. नऊ दिवस गाडी उत्तम. मग एके पहाटे विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली, चढाला लागताना बंद. मागे बसची रांग, वर पाऊस. दुसऱ्या खेपेला स्कॅनरवर पी०१९२ दिसला, ‘रेल प्रेशर सेन्सर’ असं मेस्त्रींनी वाचलं (रेल म्हणजे जिथून सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल जातं ती जाड नळी) आणि सेन्सर बदलला, मजुरीसकट ५,२००. बारा दिवस बरं. तिसऱ्या खेपेला क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय का हे सांगणारा. सहा दिवस. चौथ्या खेपेला इंजेक्टर काढून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे बेंचवर तपासले. चारही चांगले निघाले, काढण्या-बसवण्याची मजुरी मात्र गेली.

प्रत्येक कामानंतर गाडी काही दिवस बरी राहायची आणि आम्हाला वाटायचं, सापडलं. नंतर कळलं ते असं: काम कुठलंही असो, इंजिनवर हात घालताना वायरिंगचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बाजूला सारावा लागतो. परत बसवताना तो जरा वेगळ्या जागी बसतो. सोललेली वायर काही दिवस लोखंडाला लागत नाही. मग इंजिनच्या हादऱ्यांनी सरकत सरकत परत तिथेच येते. पार्ट बदलल्यावर थोडे दिवस बरं आणि मग पुन्हा तेच, असं दोनदा झालं तर पार्टचा नाद सोडून वायरिंगकडे बघा. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आणखी एक गोष्ट आमची आम्हीच बिघडवत होतो. दिवा लागला की ड्रायव्हर बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावायचा. दिवा जायचा. बऱ्याच गाड्यांत त्याबरोबर ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, साठलेले कोड आणि दिवा लागला त्या क्षणाची नोंदही पुसली जाते. पुरावा हातचा घालवून आम्ही गॅरेजला जात होतो आणि मेस्त्रींना म्हणत होतो, शोधा.

वहीत काय सापडलं

जुलैच्या शेवटी मी ड्रायव्हरला एक दोनशे पानी वही दिली. गाडी बंद पडली की सहा गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, माल भरलेला की रिकामी, गिअर कुठला, पाऊस होता का, आणि परत चालू व्हायला किती वेळ लागला. दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. रात्री जेवल्यावर मी ती वही घेऊन बसलो.

अकरापैकी नऊ वेळा गाडी भरलेली. त्या नऊपैकी सात वेळा पहिला गिअर किंवा रिव्हर्स, म्हणजे क्लच सोडून गाडी उचलताना. एकदा रबाळ्याला सिग्नल सुटल्यावर, दोनदा मार्केटच्या धक्क्याला रिव्हर्स लावताना, एकदा कळव्याच्या पुलावर चढताना, आणि उरलेल्या वेळा स्पीडब्रेकरवरून उतरून परत वेग घेताना. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या उड्डाणपुलांवर, एका लयीत ६० च्या वेगाने चालताना एकदाही नाही. गरम-थंडीचा काही मेळ नव्हता, थंड इंजिनवरही बंद पडली होती. टाकीत डिझेल किती होतं याचाही संबंध दिसत नव्हता. आणि प्रत्येक वेळी परत चालू व्हायला दहा-पंधरा सेकंद, कधीच जास्त नाही.

भरलेली गाडी पहिल्या गिअरला उचलताना इंजिनवर सगळ्यात जास्त जोर येतो आणि इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलतं. बॉनेट उघडं ठेवून कोणाला तरी हँडब्रेकवर हलकासा क्लच सोडायला सांगा, तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. समोर उभं राहू नका, बाजूने बघा. म्हणजे आमची गाडी तापमानाने बंद पडत नव्हती, डिझेल कमी पडून बंद पडत नव्हती. इंजिन हललं की बंद पडत होती. हलल्याने बिघडतं ते कपलर (वायरी जोडायचा प्लग), अर्थिंग नाहीतर वायर.

मग ७०० रुपयांचा एक ब्लूटूथवाला स्कॅनर घेतला. तो स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि मोबाईलवर ॲप उघडायचं. सगळ्या पिकअपमध्ये या स्वस्त स्कॅनरवर सगळं दिसत नाही, पण कोड आणि फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिनची काय स्थिती होती त्याची नोंद, बहुतेक वेळा मिळते. ड्रायव्हरला बजावलं की आता टर्मिनलला हात लावायचा नाही. चौथ्याच दिवशी त्याचा फोन आला, “भाऊ, बंद पडली, दिवा चालूच ठेवलाय.”

कोड तीन होते. पी०१९२, रेल प्रेशर सेन्सरचं सर्किट लो. पी०२३७, टर्बो बूस्ट सेन्सरचं (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब मोजणाऱ्या) सर्किट लो. पी०६४२, सेन्सरना जाणाऱ्या रेफरन्स व्होल्टेजचं सर्किट लो. फ्रीझ फ्रेममध्ये वेग ताशी ६ किलोमीटर, आरपीएम १,१०० च्या आसपास, पाण्याचं तापमान ८३ अंश. वहीत जे होतं तेच.

गॅरेजमध्ये पी०१९२ वाचून सेन्सर बदलला गेला होता. पण कोडमध्ये ‘सर्किट लो’ असं लिहिलेलं असतं. ‘सेन्सर खराब’ असं कोड कधी सांगत नाही. ईसीयूला एवढंच कळतं की या वायरीवर जेवढं व्होल्टेज यायला हवं त्यापेक्षा कमी आलं. ते सेन्सरमुळे कमी आलं, वायरीमुळे की कपलरमधल्या पाण्यामुळे, हे त्याला ठाऊक नसतं. आणि दोन वेगळ्या जागचे, वेगळ्या कामाचे सेन्सर एकाच सेकंदाला खराब होणं फार अवघड. त्या दोघांत सामाईक काय आहे ते बघायचं. सामाईक असते ती पाच व्होल्टची लाइन.

पाच व्होल्टची लाइन

रेल प्रेशर सेन्सर, बूस्ट सेन्सर अशा सेन्सरना साधारण तीन वायरी असतात (बूस्ट सेन्सरमध्येच हवेचं तापमान मोजायची सोय असेल तर चौथी). एक ईसीयूकडून येणारे नेमके ५ व्होल्ट, एक अर्थ, आणि तिसरी सेन्सरने ईसीयूला परत सांगायची, सिग्नलची. बॅटरीचं व्होल्टेज सेल्फ मारताना १० पर्यंत खाली येतं, इंजिन चालू असताना १४ च्या वर जातं. त्यावर मोजमाप ठेवता येत नाही, म्हणून ईसीयू स्वतः पक्के ५ व्होल्ट तयार करून पुरवतो. रेलमध्ये प्रेशर नसताना सिग्नलवर साधारण अर्धा व्होल्ट असतो, प्रेशर वाढेल तसा तो साडेचारपर्यंत चढतो.

हे पाच व्होल्ट प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र जात नाहीत. ईसीयूच्या आत एक-दोन-तीन पुरवठे असतात आणि एकेका पुरवठ्यावर अनेक सेन्सर असतात, एकाच पाइपवर चार नळ असावेत तसे. पाइप एका जागी फुटला की चारही नळांचं पाणी जातं. बूस्ट सेन्सरकडे जाणारी पाच व्होल्टची वायर इंजिनच्या लोखंडाला टेकली की ती लाइन शून्यावर येते आणि त्याच क्षणी रेल प्रेशर सेन्सरही मुका होतो. रेलमध्ये किती प्रेशर आहे हेच कळेना झालं की आमच्यासारख्या गाडीत ईसीयू इंजिन बंद करतो. चावी बंद केली की दहा सेकंदांत ईसीयूचा मेन रिले सुटतो, इंजिन सरळ झाल्याने वायर लोखंडापासून दूर झालेली असते, आणि गाडी एका सेल्फमध्ये चालू होते. अडीच महिने जे कोडं वाटत होतं त्याचा एकेक धागा इथे जुळला.

शोधायला आमच्या ओळखीतले एक वायरमन काका आले. वय साठीच्या पुढे, हातात साधा डिजिटल मल्टिमीटर. चावी ऑन, इंजिन बंद, बूस्ट सेन्सरचा कपलर काढला आणि पाच व्होल्टच्या पिनवर मोजलं: ५.०१. सगळं ठीक. मी म्हटलं, “काका, हे तर बरोबर आहे.” ते म्हणाले, “उभी असताना बरोबरच दाखवणार. तुमची गाडी उभी असताना बंद पडते का?” मग मीटर तसाच लावून ठेवला आणि ईसीयूपासून हार्नेस हाताने थोडा थोडा हलवत पुढे सरकले. एक वीत धरायची, वाकवायची, मीटर बघायचा, पुढची वीत. इनटेक पाइपच्या मागे, जिथे हात जेमतेम जातो, तिथे पोहोचल्यावर मीटर ५.०१ वरून ०.३ वर आला.

कपलर काढलेला असतानाही व्होल्टेज पडलं, याचा अर्थ त्या कपलरच्या पुढचा सेन्सर निर्दोष. तुमच्या गाडीत लाइन कायमची खाली बसलेली असेल, हलवल्याने फरक पडत नसेल, तर त्या लाइनवरच्या एकेका सेन्सरचा कपलर काढून बघा. एखादा काढताच पाच व्होल्ट परत आले तर तो सेन्सर आतून शॉर्ट आहे. सगळे काढूनही आले नाहीत तर वायर नाहीतर ईसीयू. ईसीयूचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं, कारण तो महाग असतो आणि खराब फार कमी वेळा निघतो.

काकांनी हार्नेस बाहेर ओढला. काळ्या नालीदार प्लास्टिकच्या स्लीव्हला एका बाजूने बोटभर लांब भोक पडलं होतं, आतल्या दोन वायरींचं आवरण घासून गेलं होतं, एकीचं तांबं उघडं आणि हिरवं. समोरच ईजीआरच्या पाइपचा ब्रॅकेट, त्याच्या कडेवर तांब्याचा रंग लागलेला. आणि शेजारी, ज्या क्लिपने हार्नेस त्या ब्रॅकेटपासून दूर धरून ठेवायचा, ती क्लिप तुटलेली. तिचा अर्धा भाग अजून इंजिनच्या भोकात अडकलेला होता.

मार्चमध्ये ईजीआर साफ करताना ती क्लिप तुटली असणार. तीन महिने हार्नेस कडेवर घासत राहिला, मग पाऊस सुरू झाला. मार्चच्या आणि जूनच्या दुखण्याचा संबंध तो हा. मी त्या मेस्त्रींना दोष देत नाही. जुनं प्लास्टिक इंजिनच्या उष्णतेने कडक होतं, हात लावताच तुटतं. पण तुटलेल्या क्लिपच्या जागी दुसरी लावायला हवी होती, आणि मालक म्हणून काम झाल्यावर मी बॉनेटखाली बघायला हवं होतं.

दुरुस्ती कशी केली

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं (आता चालतं, कोड लिहून घेतलेले होते). हिरवं पडलेलं तांबं दोन्ही बाजूंनी चांगलं, लालसर तांबं लागेपर्यंत कापून टाकलं. तेवढ्याच जाडीची वायर मध्ये जोडली, डाग दिला, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह गरम करून बसवली. दोन जोड एकमेकांसमोर येणार नाहीत असे पुढे-मागे ठेवले. नवी नालीदार स्लीव्ह, त्यावर कापडी टेप. ब्रॅकेटची धारदार कड काकांनी कानसने गोल केली आणि हार्नेस रबर लावलेल्या लोखंडी क्लिपने दोन जागी बांधला. सामान २१० रुपये, काकांची मजुरी ८००. वायर नुसती पिळून वर काळी टेप मारायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती इंजिनच्या गरमीत सुटते आणि चिकटा राहतो, पावसात तर टिकतच नाही.

दोन गोष्टी काकांनी मला निक्षून सांगितल्या. पाच व्होल्टच्या लाइनवर बल्बवाला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, तो जास्त करंट ओढतो आणि ईसीयूला इजा होऊ शकते. मीटरच वापरायचा. आणि वायरीच्या आवरणात सुई टोचून मोजायचं नाही. नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या दमट हवेत त्या सुईच्या भोकातून ओल आत जाते आणि वर्षाभरात तिथेच वायर सडते. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजता येतं.

तुमची वही वेगळं सांगत असेल तर

सगळ्यांच्या गाडीत वायरच निघेल असं नाही. वही महत्त्वाची ती यासाठीच.

गाडी गरम झाल्यावरच बंद पडते, परत चालू व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नाही, असं असेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. कोड बहुधा पी०३३५ येतो. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा, शून्य दाखवत असेल तर ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. क्रँकजवळच्या चाकावर साधारणपणे ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात, त्या खिंडीवरून ईसीयू इंजिनची स्थिती ओळखतो. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला तरी गोंधळ होतो, म्हणून नवीन घेण्याआधी काढून पुसून बघा.

चढाला, भरलेल्या गाडीत, ॲक्सिलरेटर दाबून धरल्यावर दिवा लागतो आणि इंजिनची ताकद जाते, कोड पी००८७, म्हणजे रेलमध्ये प्रेशर कमी पडतंय. इथे लगेच हाय प्रेशर पंपाचं नाव घेऊ नका. डिझेल फिल्टर, त्याच्या खालचं पाणी, टाकीतली जाळी, टाकीपासून फिल्टरपर्यंतची रबरी नळी, या क्रमाने बघा. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढायचं काम आम्ही आता दर पंधरवड्याला करतो. नळी कुठे हवा ओढतेय का हे बघायला फिल्टरनंतर, पंपाच्या अलीकडे, डिझेलला चालणारी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती लावा. बुडबुडे दिसले तर हवा मागून येतेय, पंपावर संशय नंतर घ्या. हे फक्त कमी दाबाच्या बाजूला. पंप ते रेल आणि रेल ते इंजेक्टर या लोखंडी नळ्यांचा नट चालू इंजिनवर कधीही सैल करायचा नाही. तिथे १,००० बारच्या वर दाब जातो आणि डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. जुन्या पंपाच्या गाड्यांवर हात बसलेले मेस्त्री एअर काढायला सवयीने तसं करायला जातात, त्यांना थांबवा.

बंद पडताना डॅशबोर्डचे सगळे दिवे एकदम विझतात, रेडिओही जातो, तर ते इंजिनचं दुखणं नव्हे. बॅटरी टर्मिनल, मेन फ्यूज, चावीचा स्विच बघा. अर्थिंगची पट्टी तर प्रत्येकानेच तपासावी: मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडाला, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर पट्टी काढून दोन्ही टोकं घासा. तळोजा, ऐरोली, दिघा अशा खाडीच्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ही पट्टी लवकर खाल्लेली असते.

सेन्सरबद्दल खात्री नसेल तर मार्केटमध्ये आपल्याच मॉडेलच्या दहा गाड्या उभ्या असतात. ओळखीच्या माणसाकडून अर्ध्या दिवसासाठी सेन्सर बदलून घ्या आणि कोड त्याच्या गाडीत जातो का बघा. इंजेक्टरच्या बाबतीत हे करू नका, बऱ्याच गाड्यांत इंजेक्टरचा नंबर ईसीयूला द्यावा लागतो.

आणि दिवा आपोआप गेला म्हणून गाडी बरी झाली असं समजू नका. इंजिन चालू करून बंद करेपर्यंतच्या साधारण सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की दिवा विझतो, कोड मात्र आत बराच काळ राहतो. विझल्यावरही स्कॅनर लावून बघण्यात अर्थ आहे.

आमची गाडी १६ ऑगस्टला दुरुस्त झाली. त्यानंतर तीन महिने भरलेल्या मालाने रोज विटाव्याच्या पुलाखालचा चढ चढतेय. नोव्हेंबरात महापे-शिळफाटा रस्त्याच्या चढाला दिवा एकदा लागला. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, स्कॅनर लावला, आणि फोनवर मला आधी वहीतल्या सहा ओळी वाचून दाखवल्या, मग कोड: पी००८७. त्या दिवशी पहाटे नेहमीचा पंप बंद होता म्हणून त्याने दुसरीकडे डिझेल भरलं होतं, तेही त्याने स्वतःहून सांगितलं. फिल्टरखालचा स्क्रू सैल केला तर पाऊण ग्लास पाणी निघालं. हँड प्रायमर दाबून एअर काढली, सेल्फ मारला, आणि टोमॅटोचे क्रेट वेळेत कल्याणला उतरले.